फोरमन दारात बोटं मोजायचा

आमचा फोरमन रोज सकाळ-संध्याकाळ गाळ्याच्या दारात उभा राहून बायकांची बोटं मोजायचा. दोन्ही हात पुढे करायचे, बोटं पसरायची. तो एक नजर फिरवून "धा" म्हणाला की आत जायचं. संध्याकाळी तसंच बाहेर पडायचं. दहाला तो धा म्हणायचा. नायगावकडचा होता, बाप-आजा मिठागरावर राबलेले. पाण्याला पानी, माणसाला मानूस. शेठचा मुलगा, छोटे शेठ, त्याच्या बोलण्याला हसायचे. तो म्हणायचा, "हसा. पन हात दाखवून हसा."

मी चौथी शिकले आहे. हिशेबापुरतं आणि पत्रापुरतं येतं. नातीने वही आणून दिली म्हणून लिहिते. फोरमनबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दल वाईट लिहावं लागेल. ते लिहीन.

आमचा गाळा वसईच्या पूर्वेला, कारखान्यांच्या वसाहतीत होता. बॅगांना आणि पट्ट्यांना लागतात ती बकलं आम्ही काढायचो. पत्र्याची पट्टी प्रेसच्या जबड्यात सरकवायची, बटण दाबायचं, वरून डाय, म्हणजे लोखंडी साचा, आदळते, बकल खाली पडतं. दिवसभर तेच. प्रेसला दोन बटणं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे, चांगली हातभर लांब. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे प्रेस खाली येताना दोन्ही हात बटणावर असतात, जबड्यात नसतात. बनवणाऱ्याने डोकं लावून केलेलं होतं.

आम्ही त्याच्यावर डोकं लावलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा एका बटणावर ताणून बांधला की ते दाबलेलंच राहतं. मग एका हाताने पट्टी सरकवायची, दुसऱ्याने बटण मारायचं. काम दीडपट होतं. शेठ कधी ट्यूब लावा म्हणाले नाहीत. शेठ फक्त दुपारी येऊन म्हणायचे, "टेम्पो उभा आहे बायांनो." तेवढ्यावर ट्यूब लागायची. गाळ्याच्या मागे पंक्चरवाला होता, तो आम्हाला ट्यूबचे तुकडे फुकट द्यायचा. त्याला वाटायचं आम्ही डब्याला बांधतो.

फोरमन दिवसातून चार-पाच वेळा फेरी मारून ते तुकडे काढायचा आणि पँटच्या खिशात कोंबायचा. त्याचा खिसा कायम फुगलेला. रिक्षावाल्याला सुटे द्यायला हात घातला तर आधी रबर निघायचं. काढताना तो आरडाओरडा करत नसे. म्हणायचा, "हे मी नेतो. तुझी बोटं तुला ठेवतो." आम्ही तो वळला की दुसरा लावायचो.

डब्याच्या सुटीत तो मेन बोर्डाचा फ्यूज काढून स्वतःच्या जेवणाच्या डब्यात ठेवायचा. अर्धा तास कोणी प्रेस चालवू नये म्हणून. टेम्पो उभा असो, शेठ उभे असोत, फ्यूज त्याच्या डब्यात, आणि डबा त्याच्या मांडीवर. छोटे शेठ एकदा तोंडावर म्हणाले, "कंपनी तुझी आहे का रे?" हा सुक्या बोंबलाचं कालवण भाकरीला लावत म्हणाला, "कंपनी तुमची. जेवन आमचं."

एकदा त्याला ताप भरला. दुपारीच घरी गेला आणि फ्यूज डब्यातून नायगावला गेला. गाळा अर्धा दिवस बंद. दुसऱ्या दिवशी त्याची बायको डबा घेऊन आली, पदरात गुंडाळून, जणू देवाचा प्रसाद. शेठनी दुसरा फ्यूज आणून ठेवला. तो आठवड्याभरात फोरमनच्या डब्यात दिसला. आता दोन फ्यूज आणि एक भाकरी.

बांगड्यांवरून तर भांडणच झालं होतं. काचेची बांगडी पत्र्यात अडकते म्हणून त्याने दाराजवळच्या भिंतीला खिळे ठोकले आणि सांगितलं, बांगड्या इथे काढून ठेवायच्या. आमच्यातली एक म्हातारी, माझ्याहून मोठी, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नवरा जिवंत आहे माझा! हात मोकळे करायला लावतोस? जीभ झडेल तुझी!"

"जीभ झडू दे," तो म्हणाला. "बोलायला तू हायेस. बांगडी हितं ठेव, हात घरी ने. नवऱ्याला हात लागंल, बांगडी नाय लागनार."

बायका हसल्या. म्हातारीलाही हसू आलं. तिने शिव्या देत बांगड्या काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या.

त्या खिळ्यांच्या वर पंजे होते. नवी बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी तो तिचे दोन्ही हात भिंतीवर टेकवायचा आणि सुताराच्या जाड पेन्सिलीने भोवतीने रेघ काढायचा. खाली नाव, महिना, साल. अक्षर बाळबोध, मोठं. काम सोडून जाताना त्याच पंजावर हात ठेवून जुळवून दाखवायचा. जुळला की तो नावापुढे बरोबरची खूण करायचा. वर्षानुवर्षांचे पंजे होते. जाडे, बारीक, एकीचा करंगळीला बाक असलेला. सगळ्यात वर त्याचा स्वतःचा, गाळा उघडला त्या सालचा. निवडणुकीच्या दिवसांत एक जण आत डोकावून म्हणाला, "कुठल्या पक्षाचा प्रचार चालवलाय?" फोरमनने त्याचीही बोटं मोजली.

मोजायची त्याला खोडच होती. चहावाल्याची मोजायचा, कुरियरवाल्याची मोजायचा. शेठचे दोन्ही हात हातात घेऊन एकदा म्हणाला, "आंगठ्या धरून चौदा." माझ्या मुलाच्या लग्नाला बोळिंजला आला, नवरीला आशीर्वाद द्यायला पुढे झाला, आणि तिचे मेंदीचे हात धरून एक, दोन, तीन सुरू. नवरीचा बाप मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचे पाहुणे पिऊन आलेत का?" माझी सून अजून ती गोष्ट सांगून हसते.

त्याची स्वतःची दहाही बोटं शाबूत होती. नव्या बायकांना वाटायचं, याचं एखादं गेलं असणार म्हणून असा झाला. मी एकदा विचारलं, "तुझं तर काही गेलं नाही. मग हे वेड कशाला?"

त्याने तोंडातला घास संपवला. मग म्हणाला, "मुंबईला होतो तवा एक डाय मी बांधली. हात गेला दुसऱ्या मानसाचा." आणि डबा बंद केला. 

आमचे शेठ राक्षस नव्हते, हे लिहिलं पाहिजे. दिवाळीला मिठाई द्यायचे, स्टीलचा डबा द्यायचे. कोणाच्या घरी मयत झालं तर स्वतः यायचे. पण हजेरीच्या वहीत आमच्यापैकी फार थोड्यांची नावं होती. बाकीच्या नावाशिवाय. नाव नाही म्हणजे दवाखान्याचं कार्ड नाही, सुटी नाही, उद्या काही झालं तर तू इथे होतीस याला पुरावा नाही. फोरमन दर दिवाळीला मिठाईचा पुडा परत करायचा आणि म्हणायचा, "शेठ, मिठाई नको. नावं लिवा." शेठ म्हणायचे, "लिहू रे, लिहू. तू तर भिंतीवर लिहितोसच की." आणि हसायचे. आम्हीही हसायचो. मिठाई चांगल्या दुकानातली असायची.

वनिता आली ती पावसाळ्यात. नालासोपाऱ्याला राहायची, पोर लहान. बोलायची फार. काम शिकायला माझ्या शेजारच्या प्रेसवर लावली. फोरमनने तिचे पंजे काढले तेव्हा गुदगुल्या होतात म्हणून हसत होती, म्हणून तिच्या उजव्या पंजाची रेघ अंगठ्यापाशी हललेली होती. पहिल्या आठवड्यात ती दोन्ही बटणं दाबत राहिली. तिच्यामुळे आमचा माल अडत होता. मीच तिला ट्यूब दिली. कशी ताणायची ते दाखवलं. फोरमन फेरीला आला की कशी काढायची तेही दाखवलं.

दिवाळीच्या आधीच्या एका सकाळी तिची बोटं गेली. पहिल्या चहानंतर लगेच. आवाज वेगळा आला नाही. प्रेसचा आवाज पत्र्याला आणि बोटाला सारखाच येतो. ती ओरडलीही उशिरा. उजव्या हाताची मधली तीन. फोरमन बोर्डाकडे धावला, फ्यूज ओढला, शर्ट काढून तिचा हात बांधला. मग आपला डबा ओतून दिला, भाकरी, भाजी सगळं जमिनीवर, आणि तिची बोटं वेचून त्यात ठेवली. चहावाल्याकडून बर्फ घेतला. बनियनवर रिक्षात बसून तिला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, चेंगरलेली आहेत, जोडता येणार नाहीत.

शेठनी दवाखान्यात सांगितलं, ही आमची कामगार नाही. हिची बहीण आमच्याकडे आहे, तिला डबा द्यायला आली होती, उगाच मशीनला हात लावला. वनिताला बहीण नव्हती. पण वहीत नाव तरी कुठे होतं?

फोरमनने ऐकून घेतलं. शेठला एवढंच म्हणाला, "तिचा हात भिंतीवर हाय." दोन दिवसांनी सकाळी तो कामावर आलाच नाही. सरळ कामगार खात्याच्या कचेरीत गेला, साहेबांना घेऊन यायला.

शेठना कुठून तरी कळलं. अकरा वाजता त्यांनी मला बोलावलं. मी सगळ्यांत जुनी. समोर चुन्याची बादली आणि कुंचला.

"मावशी, दिवाळी आली. दाराजवळची भिंत फार घाण दिसते. जरा पांढरी करून घ्या."

मी बादलीकडे पाहिलं.

"गुडघे कसे आहेत?" शेठ म्हणाले. "तुम्हाला आता प्रेस झेपत नाही. दिवाळीनंतर पॅकिंगला बसा. टेकायचं स्टूल मागवलंय."

गुडघे दुखत होते हे खरं. आठ तास उभं राहून रात्री जिना चढता येत नव्हता. पण दुसरं काम मिळालं नसतं असं नाही. कोणी माझा गळा धरला नव्हता. मी बादली उचलली.

एक हात मारला तर पेन्सिल खालून दिसत होती. दुसरा मारला. सगळ्यात वरचा, फोरमनचा पंजा स्टुलावर चढून पुसला. माझाही पुसला. वनिताचा अंगठ्यापाशी हललेला होता तो लगेच ओळखू आला, त्यावर तिसरा हात दिला. तिच्या खिळ्याला तिच्या हिरव्या बांगड्या तशाच होत्या. त्या काढून मागच्या नाल्यात टाकल्या. बायका आपापल्या प्रेसवर होत्या. कोणी मान वर केली नाही. बटणांवर ट्यूब नव्हत्या त्या दिवशी. शेठनी सगळ्या काढायला लावल्या होत्या.

दुपारी फोरमन साहेबांना घेऊन आला. रस्त्यातच सांगत येत होता, आवाज दारातून ऐकू येत होता. "साहेब, वहीत नसंल. पन माझ्याकडं सगल्यांचे हात हायेत. नावासकट, महिन्यासकट." असं म्हणत आत आला आणि भिंतीकडे हात केला.

भिंत पांढरी. कडेला अजून ओली.

त्याचा हात तसाच वर राहिला. साहेबांनी भिंतीला बोट लावलं, बोट पांढरं झालं. ते रुमालाला पुसलं.

"रंग कधी लावला?" साहेबांनी विचारलं.

फोरमन वळला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला विचारा. ही खोटं बोलत नाय. तोंडावर बोलते सगल्यांना."

ते खरं होतं. मी तोंडावर बोलणारी म्हणून वसाहतीत माहीत होते. शेठनाही दोनदा सुनावलं होतं. आताही मोठ्याने आणि स्पष्ट बोलले.

"दिवाळीचा रंग आहे साहेब. दरवर्षी असतो."

"भिंतीवर हात काढलेले होते?"

"मी नाही पाहिले."

"आणि ती वनिता?"

"बहिणीला डबा द्यायला यायची."

मग साहेबांनी बाकीच्यांना एकेक करून विचारलं. मी सगळ्यांत जुनी, मी म्हटलं तेच सगळ्यांनी म्हटलं. म्हातारी जी बांगड्यांवरून भांडली होती, तिनेही. साहेब वाईट नव्हते. त्यांनी मशीनची बटणं तपासली, कागदावर बरंच लिहिलं, दोनदा भिंतीकडे पाहिलं. पण एका बाजूला फोरमन एकटा, दुसऱ्या बाजूला आम्ही सगळ्या. जाताना ते फोरमनला म्हणाले, "तुमच्याकडे दुसरं काही लेखी आहे का?" तो म्हणाला, "बोटं हायेत. दवाखान्यात."

मला वाटलं तो शिव्या देईल. मी तयारीत होते. मीही चार दिल्या असत्या, मग बरं वाटलं असतं.  उरलेला दिवस त्याने प्रेसना तेल घातलं, डाय पुसल्या, हत्यारं पेटीत लावली.

संध्याकाळी पाच वाजता दारात उभा. नेहमीसारखा. बायका हात पुढे करत होत्या, तो धा, धा म्हणत होता. माझी पाळी आली. मी हात पुढे केले. त्याने ते धरले. एरवी तो धरत नसे, लांबूनच बघायचा. उलटे केले, सुलटे केले. माझ्या नखांत चुना होता. साबणाने घासले होते, तरी नखांत आणि बोटांच्या रेघांत राहिला होता. तो एकेका बोटावरून अंगठा फिरवत गेला, करंगळीपासून करंगळीपर्यंत.

"धा," म्हणाला. "पुरे हायेत. जा घरी."

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. शेठनी काढला की तो गेला, मला माहीत नाही. नवीन फोरमन आला, चांगला शिकलेला, त्याला दारात उभं राहायला वेळ नव्हता. मला स्टूल मिळालं. पाठ टेकायला होती त्याला. सहा वर्षं त्यावर बसले. वनिताला शेठनी दवाखान्याचं बिल दिलं, माणुसकी म्हणून, आणि ते माणुसकी म्हणूनच देतो असं कागदावर तिच्या डाव्या हाताचा अंगठा घेऊन लिहून घेतलं. तिला सही येत होती. उजव्या हाताने.

वनिता आता विरारच्या बाजारात लसूण विकते. मी बोळिंजहून आठवड्याला बाजारात जाते आणि तिच्या गल्लीने जात नाही. गेल्या महिन्यात रस्ता खणलेला होता, त्यामुळे तिच्या समोरूनच जावं लागलं. तिने लांबूनच ओळखलं.

"मावशी! अगं ये ना. किती वाळलीस!"

मी थांबले. तिच्यापुढे गोणपाट, त्यावर लसणाचा ढीग. डाव्या हाताने ती पाकळ्या वेगळ्या करत होती, उजव्याचा अंगठा आणि करंगळी चिमट्यासारखी धरून. सराईत हात झाला होता.

"फोरमन गेला, कळलं का?" ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले. मी गेले होते नायगावला. झोपून होता तरी मी गेले की हात बघायचा माझा. सात, म्हणायचा. सात शाबूत हायेत, सांभाळ."

मला कळलेलं नव्हतं. कोणी कळवावं असं मी काही ठेवलंही नव्हतं.

"एक शेवटपर्यंत सांगितलं नाही बघ त्याने," वनिता म्हणाली. "मी दर वेळी विचारायचे, भिंत कोणी रंगवली? तर म्हणायचा, चुन्याने. अरे पण चुना लावला कोणी? तर म्हणे, कुंचल्याने. असला माणूस." ती हसली. मग हातातला लसूण खाली ठेवून म्हणाली, "मला बाकी काही नाही गं मावशी. माझा पुरा हात तेवढा एकच राहिला होता, त्या भिंतीवर. पोराला दाखवायला तरी झाला असता. तू तर तिथेच होतीस. कोणी पुसला?"

मी म्हटलं, "मी."

 मागून एक बाई येऊन लसणाचा भाव विचारून गेली, तिला वनिताने उत्तर दिलं नाही.

"ट्यूबही मीच दिली होती तुला," मी म्हटलं. "ते तुला आठवत असेल."

"ते आठवतं," ती म्हणाली.

मग तिने तराजू ओढला. "किती देऊ?"

"पाव किलो."

तिने मोजून दिला. एक पाकळी कमी नाही, एक जास्त नाही. पुडी बांधली. मी सवयीने दोन्ही हात पुढे केले. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, बोटांकडे, आणि पुडी गोणपाटाच्या कडेला ठेवली.

मी वाकून उचलली.